डॉक्टरीणबाईंची वाकडी सीट

मी सीट बोलतेय. एका जुन्या, लांब नाकाच्या गाडीची पुढची सीट. हल्लीच्या गाड्यांत असतात तशा दोन सुट्या खुर्च्या नाही, तर या दारापासून त्या दारापर्यंत पसरलेली एकच सलग सीट. माझ्यावर तिघं आरामात बसायची आणि अंग चोरून घेतलं तर चौघंही.

माझ्या बाबतीत जे घडलं ते आठवलं की अजून माझ्या स्प्रिंगा थरथरतात. कुणी माझं वाईट चिंतलं नव्हतं. उलट सगळ्यांनी माया केली, खर्च केला, हौसेनं मला नवीन केलं. आणि त्या मायेपोटी असं काही करून बसले की सगळ्यांचेच डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

पण सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर वेटोळ्या स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर घोड्याच्या केसांची जाड गादी आणि सगळ्यावरून डाळिंबी रंगाचं कातडं. मला शिवणारी बाई दोरा दातानं तोडायची आणि प्रत्येक शिवण संपली की माझ्या पाठीवर एक थाप मारायची. जणू म्हणायची, जा, सुखात राहा.

माझे पहिले मालक वाद्यांचे व्यापारी. ते मागं बसायचे. माझ्यावर त्यांचा ड्रायव्हर, तोही वर्तमानपत्र अंथरून. ती वर्षं मी नुसती जपली गेले. कातडं कोरं राहिलं, पण जीव कंटाळला.

मग एके दिवशी एक तरुण बाई गाडी बघायला आली. अंगात लांब कोट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातांना औषधाचा वास. तिनं बॉनेट उघडलं नाही की टायरला लाथ मारली नाही. आधी येऊन माझ्यावर बसली, डोळे मिटले, पाठ टेकली आणि म्हणाली, "ही चालेल."

ती जनावरांची डॉक्टर होती. सरकारी नोकरी, आसपासचे सगळे गोठे, तबेले तिच्याकडं. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणत. त्या जागेवर आलेली ती पहिलीच बाई. त्यामुळं तिच्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे टपून बसलेले, हिला हे काम झेपत नाही असं म्हणायची संधी कधी मिळते म्हणून.

झेपत होतं. मला विचारा ना! चिखलानं माखलेली ती बाई रोज माझ्यावर बसायची. एकदा थंडीनं काकडलेलं कोकरू तिनं स्वतःच्या मांडीला लावून माझ्यावर ठेवलं होतं. त्यानं उपकार कसे फेडले ते सांगत नाही, पण तो डाग बरीच वर्षं होता. व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरनं बघितलं असतं तर त्याची शुद्धच हरपली असती. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत.

आणि मग ती लाथ बसली.

एका तबेल्यात ती घोड्याचा खूर तपासत होती. घोडा बिथरला. तबेल्याचा मालक तिला उचलून घेऊन आला तेव्हा तिचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. त्यानं तिला माझ्यावर अर्धवट आडवं केलं आणि स्वतः गाडी हाकली. रस्ता खडबडीत. प्रत्येक खड्ड्याला तिनं माझ्या पाठीच्या वरच्या कडेत दात रोवले. पण तोंडातून आवाज काढला नाही. फक्त एकदा म्हणाली, "कुणाला सांगू नका. घोड्याची चूक नव्हती."

डावा खुबा मोडला होता. बरेच महिने ती दिसली नाही. ऑफिसात घरची अडचण सांगून लांबची रजा टाकली होती. परत आली ती चालत, ताठ, नेहमीच्या बुटात. मला आनंद झाला. पण ती माझ्यावर बसली आणि मला लगेच कळलं. तिचं वजन एकीकडं कललं होतं. डावी मांडी उजवीपेक्षा दोन बोटं आखूड झाली होती.

बुटाच्या आत तिनं जाड तळ बसवून घेतला होता, त्यामुळं चालताना कुणाला कळत नसे. पण बसल्यावर मांडीच तोकडी, तिथं बूट काय करणार? क्लच पुरता दाबायला तिला कंबर पुढं सरकवावी लागे, आणि सरकवली की पाठीचा आधार सुटे. मला पुढं ओढून बघितलं, तर उजवा गुडघा स्टिअरिंगला अडके. पहिल्याच दिवशी गाडी फाटकावर आदळली. ती खाली उतरली नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची थोरली बहीण आली. डॉक्टरीणबाई तिला ताई म्हणायची. ताईनं माझ्या पाठीच्या खालच्या भागाची शिवण उसवली, जुन्या गालिच्याचे तुकडे कापून त्यांची पाचर केली, डावीकडं जाड आणि मधे पातळ होत जाणारी, आणि ती माझ्या आत बसवली. कातडं पुरेना, तेव्हा जुन्या बॅगेची एक पट्टी कापून जोडली. ताईचा शिवणकामात काही हातखंडा नव्हता. सुई बोटात घुसली की ती शिव्या मला द्यायची.

"साहेबांना सांगून टाक ना एकदा," ताई म्हणाली. "पाय मोडला, जोडला. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"सांगितलं की मला टेबलामागं बसवतील."

"बसवू देत की. खुर्ची तरी मऊ मिळेल."

"ताई, गाय टेबलापाशी येत नाही गं."

ताईला हसू आलं. मग डोळे भरून आले. डॉक्टरीणबाईनं तिचा हात धरला आणि शपथ घातली, हे तुझ्यात आणि माझ्यात. माझी कुणी मोजदाद केली नाही, पण त्या गुपितात तिसरी मी होते.

शिवण पुरी झाल्यावर डॉक्टरीणबाई माझ्यावर बसली. ती पाचर नेमकी तिच्या खुब्यामागं आली. पाय क्लचवर पोचला. तिनं एक लांब श्वास सोडला. त्या दिवशी मी वाकडी झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आपण नीट बनलोय असं वाटलं.

पुढं सगळं सुरळीत चाललं. ताईच्या नवऱ्यानं एकदा गाडी चालवली आणि संध्याकाळपर्यंत त्याची पाठ धरली. "हिच्या सीटला झालंय तरी काय?" तो म्हणाला. "म्हातारी झालीय," डॉक्टरीणबाईनं चेहऱ्यावरची रेषही हलू न देता सांगितलं. ताई दुसरीकडं बघत होती.

ताईला एक मुलगा. घरात त्याला छोट्या म्हणत आणि अजूनही म्हणतात, डोक्यावर केस उरले नसले तरी. ताई गेली तेव्हा तो कॉलेजात होता. मावशीनंच त्याला शिकवलं, पायावर उभं केलं. त्यानं चष्म्याचं दुकान काढलं. गावभराच्या डोळ्यांना नंबर देणारा हा माणूस, पण मावशीच्या पायाकडं त्याची कधी नजर गेली नाही. ती हळू, ताठ चालायची, तेव्हा तो कौतुकानं म्हणायचा, "आमच्या मावशीची चाल कशी राणीसारखी आहे!"

डॉक्टरीणबाई निवृत्त झाली तरी गाडी चालवत होती. मग डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. उंदरांनी माझे घोड्याचे केस पळवले. उन्हानं कातड्याला भेगा पडल्या. एका मांजरीनं माझ्यावर पिल्लं घातली आणि ती चालायला लागल्यावर त्यांनी माझ्याच कडेवर नखं पारजली. मी तक्रार केली नाही. कुणी बसणारं असलं म्हणजे झालं.

शेवटी डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तशी ती म्हणाली, "छोट्या, आता मी गाडी बाहेर काढणार."

छोट्याच्या डोक्यात कल्पना चमकली. मावशीचा वाढदिवस जवळ आला होता. इंजिन दुरुस्त करायचं म्हणून गाडी न्यायची आणि आतून-बाहेरून कारखान्यातून निघाल्यासारखी करून परत आणायची. मावशीला कानोकान खबर लागू द्यायची नाही.

गाड्यांच्या सीटा शिवणारा एक कारागीर होता, सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याच्या दुकानात मला नेलं. चार बोल्ट काढले आणि मला गाडीतून उपटून बाहेर आणलं. अहो, कारखाना सोडल्यापासून मी पहिल्यांदा गाडीबाहेर आले! मला पाय नाहीत, नाहीतर पायाखालची जमीन सरकली असंच म्हटलं असतं. टेबलावर उताणी पडून मी छताकडं बघत राहिले.

मग पकडीनं माझ्या कडेच्या तारा तोडायला सुरुवात झाली. कट्, कट्, कट्. एकेक तार सुटत गेली आणि माझं कातडं सोललं गेलं. दुखलं का, असं विचाराल तर नाही. पण समोरच्या जमिनीवर आपणच पडलोय हे बघणं कसं असतं, ते तुम्हाला कसं सांगू? डाळिंबी रंगाची ती घडी, तिच्या कडेला डॉक्टरीणबाईच्या दातांच्या खुणा. आणि वर टेबलावर गंजलेल्या स्प्रिंगांचा सांगाडा. यातली मी कोणती, हेच मला कळेना.

छोट्या आणि त्याची बायको बघायला आली होती. उस्तादनं माझ्या पाठीत हात घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साहेब, हे काय कोंबलंय इथं? गालिचा! सीटमध्ये गालिचा! आणि शिवण बघा, पोत्याला घालतात तशी. कुण्या अडाण्याचं काम आहे."

छोट्या खो खो हसला. "काढा हो ते, फेकून द्या."

"कातडंही या बाजूचं मोठं निघतंय. मापच बिघडवलंय."

"कारखान्यातून आली होती तशी दिसली पाहिजे. अगदी सरळ."

मी ओरडले. अरे, तुझ्या आईची शिवण आहे रे ती! तिची बोटं टोचलीत त्यात! पण सीटला आवाज तो कसला? एक गंजकी स्प्रिंग तेवढी कुरकुरली. उस्तादनं तिच्यात तेल सोडलं.

छोट्याची बायको ती पाचर हातात घेऊन उलटसुलट बघत होती. "अहो," ती म्हणाली, "आधी मावशींना विचारूया का? एवढं मेहनतीनं कुणी उगाच घालणार नाही."

"विचारलं तर सरप्राइज कसलं गं?"

तिनं पाचर खाली ठेवली. उस्तादनं ती पायानं कचऱ्याच्या ढिगात सारली. माझ्या उजव्या बाजूच्या कातड्याचा तुकडा उलटा करून त्यानं डावीकडं ठेवला, खडूनं रेघ मारली आणि नवं कातडं कापलं. दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या. कचरागाडी येऊन ढीग घेऊन गेली तेव्हा मी तिथंच टेबलावर होते. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिले.

उस्तादचा हात वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यानं गंज घासला, मोडक्या स्प्रिंगा बदलल्या, ताजा फोम कापून बसवला, कातड्याला वाफ देऊन ते असं ताणलं की एक सुरकुती राहिली नाही. कडेला गोल गोट शिवला. मला गाडीत बसवल्यावर आरशात माझं प्रतिबिंब पडलं. ही कोण नटवी, असं मला वाटलं. मग लक्षात आलं, ही आपणच. आणि वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता.

सकाळी गाडी घरापुढच्या रस्त्यावर उभी केली. शेजारपाजारची माणसं जमली होती. उस्तादही नवा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून आला होता. काही राहिलंसाहिलं तर टाका घालायला, असं म्हणत होता, पण खरं तर शाबासकी ऐकायला आला होता. छोट्यानं मावशीचा हात धरून तिला बाहेर आणलं.

डॉक्टरीणबाई गाडी बघून उभीच राहिली. दोन्ही हात तोंडावर गेले. मग ती सावकाश दार उघडून माझ्यावर बसली.

तिची पाठ मला शोधत होती. शोधत होती आणि तिला मी सापडत नव्हते. ती थोडी मागं झाली, थोडी डावीकडं सरकली. नव्या गुळगुळीत कातड्यावरून घसरली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं विझलं.

"कशी वाटली?" छोट्यानं विचारलं.

"छान आहे रे."

"मग चालव ना! सगळे वाट बघतायत."

तिनं किल्ली फिरवली. डावा पाय पुढं केला, कंबर सरकवली. क्लच अर्धाच दबला. गिअर करकरला आणि गाडी बेडकासारखी उडी मारून शेजारच्यांच्या फाटकावर गेली. दोन कुंड्या फुटल्या. कुणी तरी किंकाळी फोडली. इंजिन बंद पडलं.

सगळे आ वासून बघत होते. छोट्या धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. खिडकीतून हात घालून त्यानं हळूच किल्ली काढून घेतली.

"मावशी, लागलं नाही ना? उतर. माझंच चुकलं. या वयात मी तुला गाडीत बसवायला नको होतं. आपण ड्रायव्हर ठेवू. तू मागं आरामात बस."

"वय झालं की असंच होतं," गर्दीतून कुणी तरी म्हणालं. "गाडी विकून टाकलेली बरी."

डॉक्टरीणबाईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तिला दोनच गोष्टी करता येत होत्या. म्हातारी झाले म्हणून गाडीतून उतरायचं, नाहीतर इतकी वर्षं जिवापाड जपलेलं सगळ्यांपुढं उघडं करायचं. मला वाटलं, उतरेल. ताई गेली, नोकरी संपली, आता कुणासाठी झगडायचं?

ती खरंच उतरली. माझ्या अंगावरून तिचं वजन गेलं आणि मी मनातल्या मनात तिचा निरोप घेतला.

"उस्ताद," ती म्हणाली, "तुमची कात्री द्या."

उस्तादला वाटलं, एखादा धागा वर आला असेल. त्यानं लगबगीनं पिशवीतून छोटी कात्री काढून दिली. डॉक्टरीणबाई गाडीत वाकली. माझ्या पाठीच्या खालच्या शिवणीत तिनं कात्रीचं टोक घातलं आणि सर्रकन एका दमात ती शिवण उघडली.

"मावशी!" छोट्या किंचाळला. "वेड लागलंय का तुला?"

"माझी शिवण!" उस्ताद डोक्याला हात लावून मटकन खालीच बसला.

त्या दोघांपेक्षा मोठा धक्का मला बसला होता. अंगावरचं नवं कोरं कातडं, त्याचा वास अजून गेला नव्हता! पण तिचा हात आत आला तेव्हा मी ओळखला. औषधाचा वास आता नव्हता, बोटं वाकली होती, पण हात तोच. ती आत चाचपत होती. फोम, फोम आणि फोम.

"पाचर कुठाय?" तिनं विचारलं.

"कसली पाचर?"

"गालिच्याची. डाव्या बाजूला होती."

छोट्यानं उस्तादकडं बघितलं, उस्तादनं छोट्याकडं.

"ती... ती फेकली, मावशी. कुणी तरी काहीतरी कोंबलं होतं म्हणून..."

"तुझ्या आईनं शिवली होती."

डॉक्टरीणबाई माझ्या कडेवर टेकली, वाकून तिनं दोन्ही बूट ओढून काढले आणि अनवाणी रस्त्यावर उभी राहिली. इतकी वर्षं ताठ दिसणारी ती बाई एका अंगानं झपकन खाली गेली. डावा खांदा उतरला. टाच जमिनीवर टेकेना.

मला हे पूर्वीपासून माहीत होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला.

"बघून घ्या," ती म्हणाली. "घोड्याची लाथ बसली होती. डोळे चांगले आहेत माझे, हातही चांगले आहेत. पाय तेवढा पोचत नाही. तेव्हाही पोचत नव्हता."

छोट्या तिच्या पायांकडं बघतच राहिला. मग लहान पोरासारखा म्हणाला, "मला सांगितलं का नाहीस गं?"

"आधी नोकरीसाठी नाही सांगितलं. मग सवयीनं. आणि मग इतकी वर्षं होऊन गेली की, एवढे दिवस का लपवलं म्हणून विचारशील, याचीच लाज वाटायला लागली."

सगळे कानकोंडे होऊन उभे होते. तेवढ्यात छोट्याची बायको पुढं आली. तिनं ना डोळे पुसले, ना सांत्वन केलं. माझ्या उघड्या शिवणीत डोकावून विचारलं, "मावशी, किती जाड हवं?"

डॉक्टरीणबाईनं तिच्याकडं बघितलं. हाताची दोन बोटं जोडून दाखवली. "इकडं एवढं. मधे येईपर्यंत काही नाही."

ती घरात पळाली आणि जाडजूड टॉवेल घेऊन आली. दोघींनी मिळून माझ्या पाठीतला फोम काढला, टॉवेलची घडी केली, उसवली, पुन्हा केली. उस्ताद बसल्या जागेवरून तोंड वाकडं करून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "अहो बाई, अशी घडी सरकेल. कडा आत दुमडा," तो म्हणाला आणि उठून स्वतःच दुमडायला लागला.

डॉक्टरीणबाई अनवाणीच माझ्यावर बसली. पाठ टेकली. आणि मला ती सापडली, तिला मी सापडले. तिनं छोट्यापुढं तळहात धरला.

"किल्ली."

त्यानं किल्ली दिली आणि न विचारता दुसऱ्या बाजूनं येऊन माझ्यावर बसला. गाडी लोण्यासारखी निघाली. त्याचं लक्ष रस्त्याकडं नव्हतंच. तो तिच्या डाव्या पायाकडं बघत होता. प्रत्येक गिअरला तो पाय कसा जातो, कसा परत येतो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो हमसून हमसून रडायला लागला. "आईची शिवण होती, मावशी. मी हसलो गं."

"तीही हसायची आपल्या शिवणकामाला," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि हॉर्न वाजवला, कारण पुढं एक सायकलवाला मधेच थांबला होता.

त्या दुपारी छोट्या उस्तादच्या दुकानामागं गेला आणि कचऱ्याची जागा हातांनी उकरून आला. काही मिळालं नाही. ते हात धुताना मी त्याला अंगणात बघितलं. बराच वेळ धूत होता.

उस्ताद काही दिवस रुसला होता. मग आपणहून आला. डॉक्टरीणबाईला माझ्यावर बसवून शिंपी माप घेतो तसं माप घेतलं. इकडून वळा, तिकडून वळा. सीटचं माप माणसावरून घेतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानं नवी पाचर केली, त्याच कातड्याची, पट्ट्यांनी अडकवायची, हवी तेव्हा काढता येईल अशी. ती आतून लावू, म्हणजे कुणाला दिसणार नाही, असं तो म्हणत होता. डॉक्टरीणबाई म्हणाली, "बाहेरूनच लावा. आता कुणापासून लपवू?"

शेजारी चार दिवस कुजबुजले. पाचव्या दिवशी त्यांना दुसरा विषय मिळाला. जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ गाडी विकत मागायला आला. माझ्यावर बसला, वळवळला आणि म्हणाला, "सगळं उत्तम आहे हो, पण सीट वाकडी आहे."

"सीट वाकडी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुम्ही सरळ आहात." आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आता माझं बरं चाललंय. दातांच्या खुणा गेल्या, कोकराचा डाग गेला, ताईची शिवण गेली. त्यांची आठवण येते आणि मी नव्या कातड्यात उगाच आखडते. पण धक्के संपलेत असं मी समजले होते, तिथं फसले.

काल छोट्याची बायको माझ्यावर बसली. शिकायला! "मला गाडीची आवडच नाही," असं म्हणणारी ती बाई लग्नानंतर कधी स्टिअरिंगला शिवली नव्हती. डॉक्टरीणबाईनं स्वतःची पाचर सोडून बाजूला ठेवली आणि शेजारी बसली. गाडी सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. मानेला असे हिसके बसले की माझ्या नव्या स्प्रिंगांना जुनं वय आठवलं.

"समोर बघ की गं!" डॉक्टरीणबाई ओरडली. "बॉनेटकडं काय बघतेस?"

छोट्याच्या बायकोनं गाडी थांबवली. कानापर्यंत लाल झाली होती. बराच वेळ स्टिअरिंगची कड नखानं खरवडत राहिली आणि मग इतक्या हळू बोलली की मलाच जेमतेम ऐकू आलं.

"मावशी, मला दिसतच नाही. उंची कमी पडते. नेहमीच. पूर्वी एका क्लासला गेले होते, तिथं उशी मागितली तर सगळे हसले. मग आवडच नाही असं सांगून टाकलं."

डॉक्टरीणबाई तिच्याकडं बघत राहिली. मीही. या घरात आणखी काय काय बसलंय कुणाच्या पोटात, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग डॉक्टरीणबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"छोट्या! उशी आण! चांगली जाड बघून आण!"

तो चष्मा सावरत धावत आला, काखेत एक सोडून तीन उशा घेऊन.

तर माझी एवढीच विनवणी आहे. कधी तुमच्या हाती एखादी जुनी सीट आली, खुर्ची आली आणि ती एका बाजूला कललेली दिसली, तर हातोडी उचलण्याआधी घरात एकदा विचारा, हिच्यावर कोण बसत होतं. आणि तुम्ही स्वतः कुठं बसणार असाल, तर तुम्हाला कुठं टोचतं, कुठं पोचत नाही, ते सांगून टाका. आम्ही सीटा हसत नाही. आम्हाला फक्त माप कळायला हवं.